प्रवासांतील बिनतारी सोबती

दहा माणसें मिळून डोंगर चढूं लागलीं कीं तासाभरांत त्यांच्या तीन तुकड्या झाल्याच म्हणून समजावें. तरुण मंडळी पुढें निघून जातात, प्रौढ मंडळी गोष्टी करीत मधून चालतात, आणि ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांच्या वहाणेचा अंगठा तुटतो किंवा ज्यांना रानफुलांचा नाद असतो, अशीं एक-दोन माणसें मागें राहतात. वाट चुकते ती बहुधा या शेवटच्या माणसांची. पुढच्यांना वाटतें, तीं मधल्यांबरोबर असतील. मधल्यांना वाटतें, तीं येतच असतील. हांक मारावी तर वारा ती भलतीकडेच घेऊन जातो, आणि खिशांतला मोबाईल काढून पाहावा तर "रेंज नाहीं" एवढेंच उत्तर मिळतें. अशा वेळीं उपयोगी पडणारें एक मुठींत मावणारें यंत्र अलीकडे पुष्कळ प्रवासी मंडळींच्या हातांत दिसूं लागलें आहे. त्यास वॉकी-टॉकी असें म्हणतात, व आपल्याकडेही तेंच नांव रूढ झालें आहे. हें यंत्र काय करूं शकतें, काय करूं शकत नाहीं, आणि विकत घेण्यापूर्वीं कोणती चौकशी करावी, याविषयीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोबाईल आणि हें यंत्र हीं दोन्ही बिनतारीच. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. मोबाईलवरून पन्नास पावलांवरच्या माणसाशीं बोलावयाचें असलें तरी आवाज आधीं कंपनीच्या मनोऱ्याकडे जातो व तेथून फिरून परत येतो. मनोरा उभारलेला असतो तो गांवासाठीं, दरीखोऱ्यासाठीं नव्हे. वॉकी-टॉकीला मनोरा लागत नाहीं, कंपनी लागत नाहीं, महिना संपतांच बिलही येत नाहीं. एका यंत्रांतून निघालेली लहर थेट दुसऱ्या यंत्रास जाऊन मिळते. कळ दाबली कीं बोलावें, सोडली कीं ऐकावें. दोघांना एकाच वेळीं बोलतां येत नाहीं. ही अट आम्हांस तरी मोठी हितकर वाटते. घरोघरच्या संभाषणांना ती लावतां आली असती तर पुष्कळ तंटे मिटले असते.

या यंत्राचा जन्म युद्धासाठीं झाला अशी सर्वसाधारण समजूत आहे, ती तितकीशी बरोबर नाहीं. कॅनडांतील डोनाल्ड हिंग्ज यांनीं १९३७ सालीं खाणींचा धंदा करणाऱ्या एका कंपनीसाठीं जें उचलून नेण्याजोगें यंत्र तयार केलें, तें रानावनांत विमानें नेणाऱ्या वैमानिकांच्या उपयोगासाठीं होतें. म्हणजे निर्जन प्रदेशांतील माणसाची सोय हाच त्याचा मूळ हेतु. अमेरिकेंत आल्फ्रेड ग्रॉस यांनीं १९३८ च्या सुमारास स्वतंत्रपणें असेंच यंत्र बनविलें. पुढें महायुद्ध पेटलें आणि सैन्याची दृष्टि या युक्तीकडे वळली. त्या काळीं सैनिकांच्या पाठीवर जें यंत्र असे, त्याचें वजन सुमारें पंधरा किलो होतें; आणि हातांत धरण्याचें जें निघालें तेंही सव्वादोन किलोंचें असून जमिनीवर त्याची धांव मैलभराची होती. आज दोनशे-अडीचशे ग्रॅमचें यंत्र कमरेला अडकवून शाळेंतला मुलगाही गड चढतो.

डोंगरावरून डोंगरावर निरोप धाडण्याची गरज मात्र आपल्या मुलखास नवी नाहीं. १६६० सालीं महाराज विशाळगडीं सुखरूप पोहोंचल्याची खूण खिंडींत लढणाऱ्या बाजीप्रभूंना तोफांच्या बारांनीं मिळाली, अशी परंपरा आहे. १६७० सालीं सिंहगड सर झाल्यावर गडावरील गवती छपरें पेटविलीं व त्यांचा उजेड राजगडावरून पाहण्यांत आला, असें बखर सांगते. सिंहगड ते राजगड हें हवाई अंतर सुमारें पंधरा किलोमीटर आहे. पायीं जाणाऱ्याला तें अंतर सबंध दिवस पुरतें. उजेडाला क्षणही लागत नाहीं. या जुन्या गोष्टी येथें सांगण्याचें कारण असें कीं, आगीचा उजेड ज्या नियमानें एका गडावरून दुसऱ्यावर पोहोंचला, जवळजवळ त्याच नियमानें या यंत्रांतील लहरही चालते. मध्यें आड कांहीं नसेल तर ती फार दूर जाते. आड डोंगर आला कीं ती तेथेंच थांबते.

हें एक तत्त्व नीट ध्यानांत आलें तर यंत्राविषयींच्या निम्म्या तक्रारी नाहींशा होतील. सपाट, उघड्या मैदानांत उभ्या असलेल्या दोन माणसांना पृथ्वीच्या गोलाईमुळें तत्त्वतः दहा किलोमीटरांपलीकडे एकमेकांशीं बोलतां येणार नाहीं, मग यंत्रें कितीही दमदार असोत. प्रत्यक्षांत मध्यें घरें, झाडें, टेकाडें असतात, म्हणून गांवांत किंवा रानांत ही मर्यादा किलोमीटर-दोन किलोमीटरांवर येते. दाट वस्तींत तीही साधत नाहीं. याच्या उलट दोघेही उंचावर असले तर चित्र एकदम पालटतें. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरण्याचा माथा उघड दिसतो. मधलें हवाई अंतर सात-आठ किलोमीटरांचें. तेथें अर्ध्या वॉटचें यंत्रही स्वच्छ बोलतें, आणि सिंहगडापर्यंतचे पंधरा किलोमीटरही त्याला जड जाऊं नयेत. पण हरिश्चंद्रगडाकडे कोंकणांतून चढणारी नळीची वाट घ्या. दोहों बाजूंस ताशीव कडे, मध्यें दगडगोट्यांनीं भरलेली अरुंद घळ. या घळींतील माणसाला गडावरच्या माणसाशीं बोलतां येईल असें नाहीं, मग तो सरळ रेषेंत पाऊण किलोमीटरावर कां असेना. पाचनईच्या बाजूस उतरलेल्या सोबत्याची तर गोष्टच बोलावयास नको. म्हणून यंत्राच्या खोक्यावर छापलेला किलोमीटरांचा मोठा आंकडा वाचून कोणीं भुलूं नये. तो आंकडा दोन शिखरांमधला असतो. माणसें हरवतात तीं दरींत.

पावसाळ्यांतील प्रवासाविषयीं एक शब्द जोडावासा वाटतो. साध्या पावसानें या लहरींस फारसा अडथळा होत नाहीं, पण ओलीचिंब झाडी त्यांना शोषून घेते. जांभूळ-अंजनाच्या दाट रानांत उन्हाळ्यांत जेथें आवाज पोहोंचला तेथेंच श्रावणांत तो तुटक येऊं लागला, तर यंत्र बिघडलें असें समजूं नये. दहा पावलें उघड्या कड्याच्या बाजूस सरकावें, किंवा शेजारच्या उंचवट्यावर चढावें. जेमतेम दहा मीटरांची उंचीही कधीं कधीं मोठा फरक घडवून आणते.

आतां कायद्याविषयीं. हा भाग रुक्ष असला तरी तो वगळून यंत्र घेणें शहाणपणाचें नाहीं. आपल्या देशांत बिनतारी यंत्रांवर १८८५ च्या तार-कायद्याचें व १९३३ च्या बिनतारी कायद्याचें नियंत्रण होतें; त्यांची जागा घेण्यासाठीं संसदेनें २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा संमत केला. सर्वसामान्य माणसाला उपयोगी अशी सवलत २०१८ च्या नियमांनीं दिली आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांत चालणाऱ्या कमी शक्तीच्या वॉकी-टॉकीस परवाना लागत नाहीं. मात्र त्या नमुन्याच्या यंत्रास सरकारी मान्यता मिळालेली असली पाहिजे. सत्तावीस मेगाहर्ट्‌झच्या आसपासही एक पट्टा परवान्यावांचून खुला आहे. पण तेथील लहरीची लांबी अकरा मीटर पडते, तिला साजेशी अँटेना हातांतल्या यंत्राला लावतां येत नाहीं, आणि आंखूड अँटेनेंतून शक्ति वायां जाते. ४४६ च्या पट्ट्यांत हीच लांबी ६७ सेंटिमीटर आहे, म्हणून वीतभर दांडीनेंही काम भागतें.

येथें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना लागू पडणारी एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. अमेरिकेंत असलेले चिरंजीव किंवा जांवई सुटींत घरीं येतांना अशा यंत्रांची जोडी हौसेनें घेऊन येतात. तेथें तीं कोणत्याही दुकानांत मिळतात व वापरावयास परवाना लागत नाहीं. पण तेथील कौटुंबिक यंत्रें ४६२ व ४६७ मेगाहर्ट्‌झच्या सुमारास चालतात. तो पट्टा आपल्याकडे असा खुला नाहीं. तेव्हां तिकडे निर्दोष असलेली भेट इकडे पाऊल ठेवतांच बेकायदेशीर ठरते. युरोपांत मात्र ४४६ चाच पट्टा खुला आहे, म्हणून लंडनहून किंवा बर्लिनहून आलेलें यंत्र निदान लहरीच्या बाबतींत जुळतें. येथील मान्यतेचा प्रश्न तरीही उरतोच. दुसरा धोका ऑनलाइन बाजाराचा. हव्या त्या लहरीवर लावतां येणारीं स्वस्त यंत्रें तेथें खेळण्यांच्या शेजारीं मांडलेलीं असत, आणि परवान्याचा उल्लेखही नसे. या प्रकारास आळा घालण्यासाठीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२५ सालीं मार्गदर्शक नियम काढले. त्यांप्रमाणें यंत्र कोणत्या लहरीवर चालतें व त्यास मान्यता आहे किंवा नाहीं हें विक्रीच्या जागीं दाखविणें आवश्यक झालें आहे. ग्राहकानेंही या दोन गोष्टी स्वतः वाचाव्यात. अमुक यंत्र "पांच किलोमीटरांचें" कीं "दहा किलोमीटरांचें" हा प्रश्न त्यानंतरचा.

कोणी म्हणेल, दोन डोंगरांमध्यें चार शब्द बोललें तर सरकारचें काय बिघडतें? बिघडतें तें असें कीं, लहरी कोणाच्या अंगणापुरत्या राहत नाहींत. ज्या लहरीवर आपण जेवणाचे डबे कोठें सोडावयाचे याची चर्चा करीत असूं, तीच लहर कोण्या खात्याच्या कामाला नेमून दिलेली असूं शकते. सरहद्दीच्या प्रदेशांत तर याविषयीं फारच दक्षता बाळगावी. लडाखकडे किंवा सिक्कीमकडे जाणाऱ्यांनीं स्थानिक अधिकाऱ्यांस विचारल्यावांचून यंत्र बरोबर घेऊंच नये. उपग्रहामार्फत बोलणारे टेलिफोन ही आणखी निराळी बाब आहे. ते परवानगीवांचून जवळ बाळगणें हा आपल्याकडे गुन्हा होतो, व त्यापायीं परदेशी प्रवाशांवर अटकेची पाळी आलेली आहे.

ज्यांना या विषयाची खरी गोडी आहे अशा तरुण-तरुणींसाठीं हौशी बिनतारीचा, म्हणजे ज्याला हॅम म्हणतात त्याचा, मार्ग मोकळा आहे. त्यासाठीं सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. २००४ च्या डिसेंबरांत श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं अशा हौशी मंडळींचें एक पथक अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेलेलें होतें. २६ डिसेंबरास समुद्राची प्रलयंकारी लाट आली, टेलिफोन बंद पडले, आणि हौसेखातर नेलेलीं तीं यंत्रें अनेक दिवस आप्तांच्या खुशालीचे निरोप देशांत पोहोंचवीत राहिलीं. तीं यंत्रें अर्थात्‌ मुठींत मावणारीं नव्हतीं, आणि त्यांच्यामागें अभ्यास होता.

पण यंत्र कोणतेंही असो, त्यापेक्षां अधिक महत्त्वाचा प्रश्न हा कीं तें कोणाच्या हातांत आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत छावण्या-छावण्यांमध्यें बोलण्यासाठीं लहान बिनतारी यंत्रें नेलेलीं होतीं. परंतु शिखर सर झाल्याची बातमी जगाला कळली ती त्या यंत्रांवरून नव्हे. वार्ताहर जेम्स मॉरिस यांनीं सांकेतिक शब्दांत निरोप लिहिला, हवा वाईट आहे असा त्याचा वरवरचा अर्थ. तो जासुदानें डोंगर उतरून नामचे बाजारांत नेला, आणि तेथें असलेल्या भारतीय बिनतारी ठाण्यावरून तो काठमांडूस गेला. म्हणजे जेथपर्यंत यंत्र पोहोंचतें तेथपर्यंत यंत्र, आणि पुढें माणसाचे पाय, ही व्यवस्था त्या मंडळींनीं आधींच ठरवून ठेविली होती.

त्याच पर्वतावर १९९६ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांस जें घडलें, तें वाचतांना आजही मन सुन्न होतें. शिखरावरून उतरणाऱ्या अनेक तुकड्या वादळांत सांपडल्या आणि आठ माणसें दगावलीं. न्यूझीलंडचे रॉब हॉल हे शिखराजवळच अडकून पडले होते. त्यांच्याजवळ यंत्र होतें. खालच्या छावणीनें तें उपग्रह-टेलिफोनशीं जोडून दिलें, आणि हॉल आपल्या गर्भवती पत्नीशीं शेवटचें बोलले. आवाज इतका दूर पोहोंचला, पण मदतीचा हात पोहोंचूं शकला नाहीं. उलट बाजूनें चढलेल्या आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलांतील तिघांनीं शिखर गांठल्याचें यंत्रावरून नायकांस कळविलें होतें. ते तिघेही परतले नाहींत. आणि स्कॉट फिशर यांच्या तुकडींत काय होतें? यंत्रें होतीं, पण तीं नायकाजवळ व मुख्य शेर्पाजवळ. बाकीच्या दोघां वाटाड्यांपाशीं एकही नव्हतें. तुकडी विखुरली तेव्हां कोण कोठें आहे हें एकमेकांना विचारण्याचा मार्ग त्यांना उरला नाहीं. ज्या मोहिमेवर इतका पैसा ओतला तेथें आणखी दोन यंत्रें जड झालीं असतीं असें नाहीं.

आपल्या सह्याद्रींतील सहली एव्हरेस्टच्या मानानें अगदींच सौम्य. परंतु ही चूक मात्र येथेंही जशीच्या तशी दिसते. राजगडाच्या पायथ्याशीं आम्हांस एकदां एक मंडळी भेटली. तिच्याजवळ चार यंत्रें होतीं. चारही पुढच्या मुलांच्या हातांत, आणि तीं मुलें वीस-पंचवीस पावलांवरून एकमेकांशीं सेनापतींसारखीं बोलत होतीं. मागून येणाऱ्या दोन वडीलधाऱ्या माणसांपाशीं फक्त पाण्याची बाटली होती. आम्ही म्हणतों, यंत्रें दोनच असतील तर एक सर्वांच्या पुढें वाट दाखविणाऱ्याजवळ द्यावें व दुसरें अगदीं शेवटीं चालणाऱ्याजवळ. आणि हा शेवटचा माणूस दमलेला नव्हे, तर दमलेल्यांना सांभाळणारा असावा. त्याच्या मागें कोणीही राहावयाचें नाहीं असा दंडक घालावा. तिसरें यंत्र मिळालें तर तें मोटारीपाशीं किंवा मुक्कामाच्या गांवीं थांबणाऱ्याकडे ठेवण्यापेक्षां मधल्या उंचवट्यावरील माणसाकडे द्यावें. दरीमुळें ज्या दोघांना एकमेकांचा आवाज ऐकूं येत नाहीं, त्या दोघांचाही आवाज बहुधा या मधल्या माणसाला येतो, व तो निरोप इकडून तिकडे सांगूं शकतो.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण ती घरीं दोन दिवस घटवून घ्यावी. यंत्र उभें धरावें, अँटेना आकाशाकडे. आडवें धरलें तर जोर कमी पडतो. तोंडापासून चार बोटें दूर ठेवावें. कळ दाबून क्षणभर थांबावें व मग बोलावें, नाहींतर पहिलाच शब्द गळतो, आणि "उतरूं नका" याचें "रूं नका" होऊन बसतें. आधीं ज्याला हांक मारावयाची त्याचें नांव घ्यावें, नंतर आपलें. वाक्य लहान असावें. संपलें कीं "ओव्हर" म्हणावें. महत्त्वाचा निरोप ऐकणाऱ्यानें उलट म्हणून दाखवावा. कमरेला पाठीमागें लटकविलेल्या यंत्राची अर्धी शक्ति आपलें स्वतःचें शरीरच खाऊन टाकतें, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. मोटारीच्या पत्र्याच्या आंतून बोलतांना असाच तोटा होतो. घाटांत दोन गाड्यांचा मेळ राखावयाचा असेल तर यंत्र निदान खिडकीच्या कांचेपाशीं न्यावें, आणि तें चालकानें नव्हे, शेजारच्यानें हाताळावें.

कित्येक यंत्रांवर "प्रायव्हसी कोड" म्हणून एक सोय असते व तिच्या नांवामुळें मोठा गैरसमज पसरतो. त्यांत आवाजाबरोबर एक अगदीं मंद सूर पाठविला जातो, आणि तोच सूर ज्याच्या यंत्रांत लाविला आहे त्याचेंच यंत्र बोलूं लागतें. यामुळें दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकूं येत नाहीं, एवढेंच. आपलें बोलणें मात्र त्या चॅनेलवरील कोणालाही ऐकतां येतें. तेव्हां घराची किल्ली कोणत्या कुंडीखालीं आहे हें यंत्रावर सांगूं नये. शिवाय एकाच्या यंत्रावर सूर लाविलेला व दुसऱ्याच्या यंत्रावर निराळा सूर, असें झालें तर दोघेही शेजारीं उभे राहूनही मुके होतात. निघण्यापूर्वीं अंगणांतच सर्व यंत्रें एकदां बोलून पाहावींत, तें याचसाठीं.

बॅटरीसाठीं वेळापत्रक हवें. दिवसभर यंत्र चालू ठेवून गप्पा मारल्या तर सायंकाळीं, म्हणजे ज्या वेळीं गरज पडण्याचा संभव अधिक त्याच वेळीं, तें मान टाकतें. ऐकण्यापेक्षां बोलण्यांत वीज कितीतरी पटीनें खर्चते. दर तासाच्या ठोक्याला पांच मिनिटें सर्वांनीं यंत्र चालू करावें, खुशाली सांगावी व बंद करावें, असें ठरविलें तर एका भरणींत दोन दिवसही निभतात. घड्याळें आधीं जुळवून घ्यावींत.

आणि उत्तर आलें नाहीं तर? हा प्रश्न घरीं, चहा पितांना विचारावयाचा आहे. रात्र पडल्यावर घळींत नव्हे. या खुल्या लहरींवर पोलीस किंवा दुसरें कोणी सरकारी ठाणें कान देऊन बसलेलें नसतें. तुमचा आवाज तुमच्याच सोबत्यांपर्यंत जातो, तोही गेला तर. त्यामुळें कोणत्या वाटेनें जाणार, किती वाजेपर्यंत उतरणार, हें पायथ्याच्या गांवांत एका घरीं व आपल्या स्वतःच्या घरीं कागदावर लिहून ठेवावें. एका तासाचें उत्तर चुकलें तर पुढच्यांनीं जेथें असतील तेथें थांबावें व उंच, उघडी जागा गांठून पुन्हां हांक द्यावी. दुसऱ्या तासालाही शांतता असेल तर दोघांनीं आलेल्या वाटेनेंच मागें जावें, एकट्यानें कदापि नव्हे. आणि एकानें मोबाईलची रेंज मिळेल अशा दांडावर जाऊन ११२ हा आंकडा फिरवावा. मागें राहिलेल्यानेंही आपली जागा सोडूं नये. त्यानें यंत्र चालू ठेवावें, दर तासाला कळ दाबून आपलें नांव व आसपासची एखादी ठळक खूण, टाकें, बुरूज, एकुलतें झाड, जें असेल तें, दोन वेळां सांगावें. त्याला उत्तर ऐकूं आलें नाहीं, तरी वरच्या माणसाला त्याचा आवाज येत असण्याचा संभव असतो.